भारतातल्या एमएसडब्ल्यूवर अमेरिकेत सोशल वर्कचा परवाना: नव्या राज्य-कायद्यांनंतर पायऱ्यांचा क्रम

मुंबई, पुणे किंवा नागपूरहून एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क ही पदव्युत्तर पदवी) करून अमेरिकेत आलेल्या मंडळींचे परवान्याचे अर्ज अडतात, तेव्हा पात्रता सहसा पुरेशी असते आणि क्रम चुकलेला असतो. कोणी राज्य ठरण्याआधीच परीक्षेची पुस्तके आणून बसते, कोणी पदवीचे मूल्यांकन भलत्याच संस्थेकडून करून घेते, तर कोणी नोंदणी होण्याआधी पर्यवेक्षणाखालचे तास भरू लागते आणि ते सगळे तास नंतर बाद होतात. त्यातच गेल्या काही वर्षांत राज्यांचे कायदे बदलले. इलिनॉयने एका पातळीची परीक्षा काढून टाकली, अनेक राज्यांनी आपसांत परवान्याचा करार केला, कॅलिफोर्नियाने प्रशिक्षणाच्या अटी वाढवल्या. या बातम्या अर्धवट कानावर पडल्याने ‘आता परीक्षाच लागत नाही’ आणि ‘आता एकच परवाना सगळीकडे चालतो’ अशी दोन वाक्ये सर्रास ऐकू येतात. दोन्ही वाक्यांवर विसंबून पुढची तीन-चार वर्षे आखणे महागात पडते.

खालचे टप्पे भारतीय पदवीधारकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. ज्यांनी एमएसडब्ल्यू अमेरिकेतच केले आहे, त्यांनी तिसरा आणि चौथा टप्पा सोडून बाकीचे वाचावेत.

टप्पा १: आधी राज्य, मग पातळी

अमेरिकेत सोशल वर्कचा केंद्रीय परवाना नाही. प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कायदा आणि परवाना देणारे स्वतंत्र बोर्ड आहे, आणि अनेक राज्यांत ‘सोशल वर्कर’ ही उपाधीसुद्धा परवान्याशिवाय लावता येत नाही. म्हणून आपण निदान पुढची तीन वर्षे कोणत्या राज्यात राहणार, हे आधी ठरवावे. जोडीदाराच्या नोकरीमुळे राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर कोणते राज्य जास्त संभवते तेही लिहून ठेवावे, कारण सहाव्या आणि आठव्या टप्प्यात त्यावर बरेच काही अवलंबून आहे.

त्यानंतर पातळी. बहुतेक राज्यांत पदवी, पदव्युत्तर आणि क्लिनिकल (म्हणजे निदान, समुपदेशन आणि उपचाराच्या कामाची) अशा पातळ्या असतात, पण त्यांची नावे जुळत नाहीत आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. इलिनॉयमध्ये एलएसडब्ल्यू (लायसन्स्ड सोशल वर्कर) ही आधीची पातळी आहे आणि एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर) ही स्वतंत्रपणे क्लिनिकल काम करण्याची. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र एलसीएसडब्ल्यू हीच आधीची पातळी असून स्वतंत्र क्लिनिकल परवान्याला एलआयसीएसडब्ल्यू म्हणतात. कॅलिफोर्नियात मधली परवानापातळी नाहीच. तेथे एएसडब्ल्यू (असोसिएट क्लिनिकल सोशल वर्कर) म्हणून नोंदणी करायची, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली कामाचे तास भरायचे आणि मग एलसीएसडब्ल्यू मिळवायचा. नात्यातल्या किंवा ओळखीच्या व्यक्तीने ‘मी एलसीएसडब्ल्यू आहे, तूही तेच कर’ असे सांगितले, तर ती व्यक्ती कोणत्या राज्यातली आहे हे आधी विचारावे.

*तपासणी:* राज्याच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर आपल्याला हव्या असलेल्या पातळीचे पान उघडून पदवी, परीक्षा, तास आणि पार्श्वभूमी तपासणी या चार बाबींखाली ते काय मागतात, ते उतरवून घ्यावे. हा कागद पुढच्या प्रत्येक टप्प्याला लागेल.

टप्पा २: व्हिसाचे गणित

हा टप्पा परवान्याच्या नियमात कुठेही लिहिलेला नसतो, म्हणून तो विसरला जातो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येथे एमएसडब्ल्यू करणाऱ्याला शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मिळणारी आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ सोशल वर्कला लागू नाही. क्लिनिकल परवान्याचे तास बहुतेक ठिकाणी दोन वर्षांच्या आत पुरे होत नाहीत. म्हणजे तास अर्धवट असतानाच व्हिसा बदलण्याची वेळ येते, आणि एखाद्या पदासाठी राज्याचा परवाना सक्तीचा असेल तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जातही तो परवाना दाखवावा लागतो. मधली पातळी असलेल्या राज्यात ती लवकर हाती घेणे यासाठीच शहाणपणाचे ठरते.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की ईएडीशिवाय (काम करण्याच्या परवानगीच्या कार्डाशिवाय) सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही. काही बोर्डे अर्जासाठी त्याऐवजी आयटीआयएन हा करदात्याचा क्रमांक चालवून घेतात. कॅलिफोर्निया त्यांपैकी एक आहे. परवाना मिळणे आणि काम करण्याची मुभा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

टप्पा ३: भारतातली कागदपत्रे

सर्वाधिक वेळ येथे जातो, आणि एकदा देश सोडल्यावर हे काम दुप्पट अवघड होते. अजून भारतात असलेल्यांनी विमानात बसण्यापूर्वी ते उरकावे.

पहिली अडचण फील्डवर्कच्या तासांची. आपल्याकडे आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क, दर आठवड्याचे रेकॉर्डिंग (कामाची लेखी नोंद), फॅकल्टीबरोबरची इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट (एखाद्या संस्थेत सलग पूर्ण वेळ काम) हा क्रम बहुतेक महाविद्यालयांत पाळला जातो. गुणपत्रिकेवर मात्र त्या सगळ्याचा ‘फील्डवर्क’ असा एक शब्द आणि त्यापुढे गुण एवढेच येते. अमेरिकेत सोशल वर्कच्या शिक्षणक्रमांना मान्यता देणाऱ्या सीएसडब्ल्यूई या परिषदेच्या निकषाप्रमाणे पदव्युत्तर शिक्षणात किमान ९०० आणि पदवी शिक्षणात किमान ४०० तासांचे फील्डवर्क अपेक्षित आहे. आठवड्याला १५ तास आणि वर्षाला ३० आठवडे असा हिशेब धरला, तर दोन वर्षांचे ९०० तास होतात आणि ब्लॉक प्लेसमेंट वेगळीच. काम केलेले असते, पण ते कागदावर नसते.

त्यामुळे महाविद्यालयाकडून लेटरहेडवर स्वतंत्र पत्र घ्यावे. त्यात सत्रानुसार संस्थेचे नाव, कामाचे स्वरूप, तास, संस्थेतील पर्यवेक्षक आणि फॅकल्टी पर्यवेक्षक यांचा उल्लेख असावा. ब्लॉक प्लेसमेंटचे तास वेगळे दाखवावेत. ‘समाधानकारकरीत्या पूर्ण केले’ एवढ्याच वाक्याचे पत्र मिळाले, तर ते नम्रपणे परत करून तास लिहून मागावेत. जुने रेकॉर्डिंगचे रजिस्टर घरी असेल तर ते टाकून देऊ नये. महाविद्यालयातील नोंदी सापडत नाहीत, तेव्हा त्या रजिस्टरावरूनच पत्र तयार करून घेता येते.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि पुष्कळदा आईचेही नाव असते. पासपोर्टवर मांडणी वेगळी, लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदललेले, आणि अमेरिकेतल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मधले नाव गळालेले. बोर्ड, मूल्यांकन करणारी संस्था आणि परीक्षा केंद्र या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः जुळावे लागते. विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचे राजपत्र यांची इंग्रजी प्रत सुरुवातीपासूनच अर्जाला जोडावी. विचारतील तेव्हा देऊ म्हणून मागे ठेवू नये.

तिसरी गोष्ट ट्रान्सस्क्रिप्टची. गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती म्हणजे ट्रान्सस्क्रिप्ट नव्हे. ती सगळ्या विषयांची व गुणांची एकत्रित अधिकृत नोंद असते, विद्यापीठाकडून घ्यावी लागते आणि बहुधा विद्यापीठाकडूनच थेट किंवा मोहोरबंद पाकिटात पाठवावी लागते. पाकीट ‘आत काय आहे ते एकदा पाहू’ म्हणून उघडले की ते निरुपयोगी होते, म्हणून स्वतःसाठी एक जास्तीची प्रत वेगळी मागवावी. त्याच फेरीत आपल्या वर्षाचा अभ्यासक्रमही घ्यावा, आताचा चालू अभ्यासक्रम नको.

*इशारा:* काही अर्जांत मायदेशातल्या परवान्याची पडताळणी मागितलेली असते. भारतात सर्वसाधारण सोशल वर्करला परवाना नसतो, त्यामुळे तेथे ‘लागू नाही’ असे लिहून सोबत एका ओळीचा खुलासा जोडावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे ज्यांची नोंदणी आहे, त्यांनी मात्र ती नोंदणी दाखवावी. महाविद्यालयाचे पदवी प्रमाणपत्र परवाना म्हणून जोडल्यास अर्ज हमखास परत येतो.

टप्पा ४: पदवीचे मूल्यांकन

नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून करून घेतलेले मूल्यांकन येथे सहसा चालत नाही. ते मूल्यांकन आपली पदवी अमेरिकेतल्या मास्टर्सच्या तोडीची आहे की नाही, एवढेच सांगते. बोर्डाला त्यापुढची गोष्ट हवी असते: ही पदवी सीएसडब्ल्यूई-मान्य एमएसडब्ल्यूच्या तोडीची आहे काय? त्यासाठी परदेशी सोशल वर्क पदव्या तपासण्याची सीएसडब्ल्यूईची स्वतःची सेवा आहे आणि बहुतेक राज्ये तिचाच निर्णय मागतात. दोन्हीकडे शुल्क भरून बसलेले लोक कमी नाहीत.

समाजशास्त्रातले एमए, ग्रामीण विकासातली पदविका किंवा एनजीओ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केलेल्यांनी कितीही वर्षे संस्थेत काम केलेले असले, तरी त्या पदवीवर परवाना मिळत नाही. अशा वेळी मूल्यांकनावर पैसे घालवण्यापेक्षा येथील एमएसडब्ल्यूचा विचार करणे बरे.

*तपासणी:* मूल्यांकनाचा निकाल हातात येईपर्यंत परीक्षेचे शुल्क भरू नये.

टप्पा ५: बोर्डाकडे अर्ज आणि बोटांचे ठसे

येथे फारसे गुंतागुंतीचे काही नाही, फक्त तारखा पाळाव्या लागतात. अर्जात मागील पत्ते, मागील नोकऱ्या आणि पूर्वीचे गुन्हे यांबद्दलचे प्रश्न असतात. किरकोळ वाटणारी बाबसुद्धा लपवू नये, कारण ठशांच्या तपासणीत ती पुढे येते आणि मग मूळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवी जड जाते. कॅलिफोर्नियात ठसे लाइव्ह स्कॅनने, म्हणजे शाईऐवजी यंत्रावर, घेतात. राज्याबाहेरून अर्ज करणाऱ्याला छापील ठसे-पत्रिका पाठवावी लागते.

टप्पा ६: परीक्षा, आणि परीक्षा टाळण्याची वाट

परीक्षा एएसडब्ल्यूबी ही राज्यांच्या सोशल वर्क बोर्डांची संघटना घेते. मास्टर्स पातळीचे शुल्क बराच काळ २३० डॉलर आणि क्लिनिकल पातळीचे २६० डॉलर राहिले आहे. नापास झाल्यास ९० दिवसांनीच पुन्हा बसता येते. नोंदणी करण्यापूर्वी सहसा राज्याच्या बोर्डाची मंजुरी लागते. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांना काही राज्यांत जास्तीचा वेळ आणि शब्दकोश वापरण्याची सवलत मिळते, पण ती मंजूर होऊन आल्यावरच परीक्षेची तारीख घ्यावी. तारीख घेऊन मग सवलत मागणारे अनेक जण ती गमावतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी ही सवलत मागण्यात कमीपणा मानू नये. प्रश्न लांबलचक असतात आणि मुद्दा बहुतेकदा शेवटच्या अर्ध्या ओळीत असतो.

भारतात शिकलेले उमेदवार कुठे चुकतात, हे प्रश्नांच्या स्वरूपावरून सहज कळते. ‘फर्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘बेस्ट’ असे शब्द असलेल्या प्रश्नांत सगळेच पर्याय योग्य वाटू शकतात. विचारलेले असते ते आधी काय करावे. आपल्या कामाच्या सवयीत घरच्यांना बोलावून घेणे, थोरल्यांशी बोलणे, शेजारपाजारची माहिती काढणे हे स्वाभाविक आहे. परीक्षेत मात्र क्लायंटच्या संमतीशिवाय यातले काहीही केले, की उत्तर चुकले. क्लायंटचा निर्णयाचा हक्क, गोपनीयता, आणि मुलांवरील अत्याचाराची शंका आल्यास कळवण्याचे कायदेशीर बंधन, एवढ्या तीन गोष्टींचा क्रम पक्का असेल तर बराचसा गोंधळ मिटतो.

आता नवा कायदा. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२२ पासून एलएसडब्ल्यूसाठी परीक्षा द्यावी लागत नाही. पुढे तेथे क्लिनिकल परीक्षेत नापास झालेल्यांसाठीही वाट काढली गेली: पर्यवेक्षणाखाली आणखी ३,००० तास भरल्यास एलसीएसडब्ल्यू मिळू शकतो. ज्याला इलिनॉयमध्येच राहायचे आहे, त्याच्यासाठी ही वाट रास्त आहे आणि ती घ्यावी. पण ज्या राज्यात परीक्षा सक्तीची आहे, तेथे परीक्षेविना मिळालेला परवाना घेऊन गेल्यास तेथील बोर्ड परीक्षा मागणारच. आठव्या टप्प्यातल्या करारातही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट आहे; तिला अपवाद मुख्यतः अशांचा, ज्यांनी आपल्या राज्यात परीक्षा सक्तीची होण्यापूर्वीच परवाना घेतला होता.

*इशारा:* पहिल्या टप्प्यात लिहून ठेवलेले ‘संभाव्य दुसरे राज्य’ येथे पाहावे. ते परीक्षा मागत असेल, तर शिकलेले ताजे आहे तोवर, त्या राज्याच्या बोर्डाची मंजुरी घेऊन परीक्षा देऊन टाकावी. दहा वर्षांनी, दोन मुले आणि पूर्ण वेळ नोकरी सांभाळून तीच परीक्षा देणे फार कठीण जाते.

टप्पा ७: पर्यवेक्षणाखालचे तास

क्लिनिकल परवान्यासाठी अनेक राज्यांत ३,००० तास लागतात. ते कसे मोजले जातात यावर सगळे अवलंबून असल्याने येथे कॅलिफोर्नियाचे उदाहरण सविस्तर घेतो. तेथील नियम बारीक आहेत, आणि ते समजले की इतर राज्यांत काय विचारायचे ते कळते.

कॅलिफोर्नियात ३,००० तास किमान १०४ आठवड्यांत विभागलेले असावे लागतात, त्यामुळे रात्रंदिवस काम करून ते वर्षात संपवता येत नाहीत. त्यांपैकी किमान २,००० तास निदान, मूल्यमापन आणि उपचार या क्लिनिकल कामाचे आणि त्यांतही किमान ७५० तास समोरासमोरच्या समुपदेशनाचे हवेत. किमान १,७०० तास परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्करच्या देखरेखीखाली झालेले असावेत. बोर्डाकडे अर्ज पोहोचल्याच्या दिवसापासून मागे सहा वर्षांपेक्षा जुने तास धरले जात नाहीत. बाळंतपण, भारतात दीर्घ मुक्काम आणि नोकरीतला खंड यांत ही सहा वर्षे कधी सरतात ते कळत नाही.

आता नेहमीच्या चुका. पदवीनंतर ९० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज केल्यास मधल्या काळातले तास धरण्याची तेथे सोय आहे, मात्र कामाला लागण्यापूर्वी नोकरीच्या ठिकाणी ठसे दिलेले असावे लागतात. भारतात पाच-सात वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्याला ही सोय लागू होत नाही. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंतचे त्याचे तास शून्य धरले जातात. दुसरी चूक मोबदल्याची: तास पगारी कर्मचारी म्हणून किंवा स्वयंसेवक म्हणून भरता येतात, १०९९ या करप्रपत्रावर कंत्राटदार म्हणून भरता येत नाहीत. छोट्या खासगी दवाखान्यांत ‘१०९९ वर घेतो’ असे सहज सांगितले जाते, तेव्हा दोन वर्षांची मेहनत पणाला लागलेली असते. तिसरी चूक कराराची: पर्यवेक्षकाबरोबरचा लेखी करार पर्यवेक्षण सुरू झाल्यापासून ६० दिवसांत सही होऊन तयार असावा.

अटीही वाढत गेल्या आहेत. आत्महत्येच्या जोखमीच्या मूल्यमापनाचे सहा तासांचे प्रशिक्षण २०२१ पासून आणि टेलिहेल्थचे (फोन-व्हिडिओवरून सेवा देण्याचे) तीन तासांचे प्रशिक्षण जुलै २०२३ पासून तेथे आवश्यक झाले. एएसडब्ल्यू असतानाच राज्याच्या कायदा आणि नीतिनियमांची वेगळी परीक्षाही द्यावी लागते, आणि ती उत्तीर्ण होईपर्यंत दर वर्षी द्यावी लागते.

भारतात केलेल्या कामाचे तास यात मिळवता येतील काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर बहुधा नाही, कारण तेथील पर्यवेक्षक राज्याच्या परवान्याच्या अटीत बसत नाही. तो अनुभव नोकरी मिळवायला उपयोगी पडतो. परवान्याच्या अर्जात त्यावर भिस्त ठेवू नये.

*तपासणी:* दर आठवड्याची नोंद त्याच आठवड्यात सही करून घ्यावी. नोकरी सोडताना निरोपाच्या दिवशी पर्यवेक्षकाकडून अनुभवाच्या प्रपत्रावर सही घेऊनच निघावे. पर्यवेक्षक नंतर दुसऱ्या राज्यात गेला किंवा निवृत्त झाला, तर त्याचा माग काढत बसावे लागते.

टप्पा ८: राज्यांचा करार आणि पडद्यावरचे समुपदेशन

सोशल वर्क लायसेन्शर कॉम्पॅक्ट हा राज्याराज्यांतला करार मिसुरीने २०२३ मध्ये सर्वप्रथम कायद्यात आणला, आणि सात राज्यांनी तो स्वीकारल्यावर एप्रिल २०२४ मध्ये तो अमलात आला. त्यानंतर त्यात पुष्कळ राज्ये आली. कायदा अमलात येणे आणि प्रत्यक्ष बहुराज्यीय परवाने हातात पडणे यांत मोठे अंतर असते; आयोग नेमणे, नियम करणे, माहितीची सामाईक व्यवस्था उभारणे ही कामे मध्ये असतात. म्हणून ‘आमचे राज्य करारात आहे’ एवढ्यावर दुसऱ्या राज्यातला क्लायंट घेऊ नये. आपल्या राज्याचे बोर्ड असा परवाना प्रत्यक्ष देऊ लागले आहे की नाही, ते पाहावे आणि स्वतःच्या नावाचा परवाना आल्यावरच काम सुरू करावे.

हा परवाना आपल्या वास्तव्याच्या राज्यामार्फत मिळतो. ते राज्य सदस्य असावे लागते, तेथे निर्वेध परवाना असावा लागतो, आणि परीक्षेची व पार्श्वभूमी तपासणीची अट पूर्ण करावी लागते. क्लिनिकल वर्गासाठी पदव्युत्तर पदवीनंतरचे ३,००० तास किंवा दोन वर्षांचा पूर्ण वेळ पर्यवेक्षित अनुभव लागतो. सदस्य नसलेल्या राज्यात घर हलवले, की बहुराज्यीय सोय संपते. सदस्य राज्यात हलवले, तरी नव्या राज्याच्या बोर्डाकडे जावेच लागते. काम करताना कायदा लागू होतो तो क्लायंट असलेल्या राज्याचा. अत्याचाराची माहिती कळवण्याचे किंवा अल्पवयीनाच्या संमतीचे नियम तेथले पाळावे लागतात.

हीच कसोटी व्हिडिओवरच्या समुपदेशनालाही लागते. सत्राच्या वेळी क्लायंट ज्या राज्यात बसलेला असेल, त्या राज्याचा परवाना हवा. मराठीतून बोलणारा समुपदेशक मिळत नाही म्हणून न्यू जर्सीतले कुटुंब कॅलिफोर्नियातल्या किंवा थेट पुण्यातल्या सोशल वर्करकडे येते. गरज खरी असते, पण न्यू जर्सीच्या परवान्याशिवाय ते क्लिनिकल काम विनापरवाना ठरू शकते. नेहमीचा क्लायंट सुट्टीत दुसऱ्या राज्यात गेला असेल, तरी प्रश्न तोच राहतो. म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ‘आज तुम्ही कोठून बोलत आहात?’ असे विचारून उत्तर नोंदवहीत लिहावे, आणि ते राज्य आपल्या परवान्यात बसत नसेल तर सत्र पुढे ढकलून क्लायंटला तेथील तातडीच्या मदतीचा क्रमांक द्यावा.